सोवळे आणि साधना : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

उपवासकाळ आला की आपल्या धर्मग्रामांतून साधनेचा विषय निघतो. रिट्रीट ठरतात, बाहेरगावचे प्रवचनकार येतात आणि ‘देवाने मला कशासाठी निर्माण केले?’ हा प्रश्न व्यासपीठावरून विचारला जातो. मंडपाच्या दाराशी पुस्तकांचे टेबल असते. त्यावरची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून मराठीत आणलेली असतात आणि त्यांचा उपदेश थोड्याफार फरकाने एकच असतो : शांत बसा, डोळे मिटा, अंतरंगात पाहा, तुमच्या आत्म्याचे प्रयोजन तेथे तुमची वाट पाहत आहे. जणू प्रयोजन म्हणजे घरातच कोठेतरी पडलेली किल्ली आणि साधना म्हणजे दिवा लावून ती शोधणे! ही पुस्तके विकत घेणाऱ्या भाविकांच्या तळमळीविषयी मला आदर आहे. त्या पुस्तकांविषयी मात्र तितकासा नाही. त्यांत ‘आत पाहा’ असे सांगितलेले असते, पण आत पाहणाऱ्या एखाद्या जिवंत माणसाला तेथे प्रत्यक्षात काय दिसले, कोणत्या क्रमाने दिसले, आणि त्यानंतर त्याच्या स्वयंपाकघरात, शेजारात, पैशाच्या व्यवहारात काय बदलले याची हकिकत नसते.

अशी हकिकत मराठी ख्रिस्ती साहित्यात आहे. ज्या ग्रंथात ती आहे त्याच्या मुखपृष्ठावर साधना हा शब्द नाही आणि आपल्या रिट्रीटच्या टेबलावर तो ग्रंथ मी कधी पाहिलेला नाही. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’.

हे विधान काहींना विचित्र वाटेल. ‘स्मृतिचित्रे’ हे मराठीतील अव्वल दर्जाचे आत्मचरित्र आहे यावर दुमत नाही. १९३४ पासून १९३६ पर्यंत ते चार भागांत प्रसिद्ध झाले, १९८२ साली विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला आणि आजही ते नव्याने छापले जाते. पण मराठी समीक्षेने त्याचा गौरव केला तो प्रामुख्याने शैलीसाठी. सहजता, विनोद, निर्मळपणा, बोलीचा गोडवा हे शब्द त्याला कायमचे चिकटले आहेत. वाचक ते वाचतात ते एका विक्षिप्त कवीच्या सोशिक पत्नीची कहाणी म्हणून. धर्मांतर हा त्या कहाणीतला एक कौटुंबिक भूकंप मानला जातो, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा म्हणजे पतिनिष्ठेचे अखेरचे पाऊल, असे गृहीत धरून पुढे जाण्याची प्रथा आहे. आपल्याकडे, म्हणजे कॅथलिक वाचकांत, आणखी एक अडचण आहे. टिळक दांपत्य अमेरिकन मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. तेव्हा त्यांच्या आत्मिक वाटचालीतून आपण काय शिकायचे, असा एक न बोललेला संकोच असतो. हे दोन्ही संकेत बाजूला ठेवून हा ग्रंथ वाचावा, असे माझे म्हणणे आहे.

त्यासाठी आधी साधना कशाला म्हणायचे ते पाहावे लागेल. आपल्या परंपरेत या बाबतीत संत इग्नेशियस लोयोला यांच्याकडे वळावे लागते. १५२१ साली पाम्पलोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वाचायला हव्या होत्या शौर्यकथा. त्या घरात नव्हत्या म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे वाचावी लागली. कधी ते दरबारातील पराक्रमाची स्वप्ने पाहत, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने रंगात असताना गोडच लागत. पण पहिली ओसरली की मन कोरडे पडे आणि दुसरी ओसरल्यावरही आनंद रेंगाळत राही. हा फरक त्यांच्या ध्यानात आला. एवढ्या साध्या निरीक्षणातून पुढे १५२२च्या सुमारास मानरेसा येथे ‘आध्यात्मिक साधने’ची घडण सुरू झाली आणि १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्या ग्रंथाला मान्यता दिली. ग्रंथाच्या आरंभीच मनुष्याच्या निर्मितीचे प्रयोजन सांगितलेले आहे : देवाची स्तुती, आदर आणि सेवा, आणि त्यातून आत्म्याचे तारण. म्हणजे प्रयोजन शोधायचे नाही, ते आरंभीच हाती दिलेले आहे. साधना आहे ती त्या प्रयोजनाच्या आड काय काय येते ते ओळखण्याची, आणि आरोग्य, संपत्ती, मान, दीर्घायुष्य यांविषयी अनासक्त होण्याची. या ओळखण्याला आपण विवेक म्हणतो. विवेक म्हणजे तर्क नव्हे. मनात उठणाऱ्या प्रत्येक लहरीच्या मागे कोणती चव उरते ते धीराने पाहणे होय.

मानरेसातील आणखी एक गोष्ट आपले प्रवचनकार सहसा गाळतात. तेथे इग्नेशियस यांना शंकाकुलतेने ग्रासले होते. केलेल्या पापांचे निवेदन पुरे झाले असे त्यांना वाटेना. पुन्हा पुन्हा तीच पापे, त्याच बारकाव्यांसह सांगायची, आणि तरीही काहीतरी राहून गेले म्हणून तळमळत बसायचे. ही व्यथा इतकी वाढली की जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले. शेवटी, जुन्या पापांचे निवेदन पुन्हा करायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि झोपेतून जागे व्हावे तसे ते त्यातून बाहेर आले. शुद्ध होण्याची धडपड ही देवाकडे नेणारी वाट असते तशीच देवापासून दूर नेणारीही असू शकते, हे त्यांना अनुभवाने कळले.

आता ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ पाहा. लक्ष्मीबाई माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८चा. १८५७च्या धामधुमीत कुटुंबातील एका वडीलधाऱ्या नातलगाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणाऱ्या वस्तू धुवायच्या, माणसांचा स्पर्श टाळायचा, मुलांनी कोणाकडे जायचे नाही, कोणाचे काही खायचे नाही. हा सारा भाग लक्ष्मीबाईंनी इतक्या मिस्कीलपणे सांगितला आहे की वाचक हसत हसत पुढे जातो. पण क्षणभर थांबावे. एका माणसाच्या मनावर भयाचा घाव बसला आणि ते भय त्याने पाण्याने धुऊन काढायचे ठरवले. भय काही धुतले जात नाही, म्हणून धुणे थांबत नाही. सोवळे हे येथे धर्माचे अंग राहिलेले नाही, भयाचे झाले आहे. मानरेसातील तरुणाचे पापनिवेदन आणि जलालपूरच्या गृहस्थाचे धुणे यांत मला तरी जातीचा फरक दिसत नाही, फक्त साधनाचा दिसतो. एकाच्या हाती शब्द होते, दुसऱ्याच्या हाती पाण्याची घागर.

लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की हे वेड आपल्या वडिलांचे होते एवढे सांगून त्या मोकळ्या होत नाहीत. ते आपल्यातही उतरले होते, हे त्या दाखवतात. १८८० साली त्यांचे नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत बेफिकीर, हाती पैसा आला की वाटून मोकळे होणारे, घरातून न सांगता निघून जाणारे. त्यांच्या बेफिकिरीपुढे लक्ष्मीबाईंचे सोवळे अधिकच कडक होत जाते. संसारात जे जे हाताबाहेर आहे त्याच्याविरुद्ध स्वयंपाकघराचा उंबरठा हे त्यांचे एकमेव राज्य होते, असे त्या प्रकरणांतून स्पष्ट जाणवते. मग १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. ते राज्यही हादरले.

यापुढची सुमारे पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. लहान दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाने, बराच काळ पंढरपुरात राहिल्या. ही पाच वर्षे माझ्या मते ग्रंथाचा गाभा आहेत, आणि समीक्षेने त्यांच्याकडे केवळ विरहाचे करुण प्रकरण म्हणून पाहिले आहे. या काळात लक्ष्मीबाईंनी काय केले ते नीट पाहिले पाहिजे. त्यांनी पतीचा धर्म स्वीकारला नाही आणि पतीला टाकलेही नाही. भोवतालची माणसे या ना त्या बाजूला ओढत होती. त्या कोणत्याही बाजूला कायमच्या झुकल्या नाहीत. अक्षरओळख बेताची असूनही त्या दुःखाची कवने करू लागल्या. इग्नेशियस यांचा एक नियम आपण सेमिनरीत पाठ केलेला असतो : मन विषण्ण असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये, नवा निर्णय घेऊ नये, थांबावे. हा नियम लक्ष्मीबाईंना कोणी शिकवला नव्हता. तरी तो त्यांच्या आयुष्याच्या पानावर जितका स्पष्ट उमटला आहे तितका आमच्या टिपणवह्यांत कधी उमटला नाही.

पुढे त्या टिळकांकडे नगरला आल्या त्याही सोवळे सांभाळूनच. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. ख्रिस्ती वस्तीत एक ब्राह्मण बाई आपले वर्तुळ आखून राहते आहे, हे चित्र विनोदी आहे आणि हृदयद्रावकही. टिळकांनी घाई केली नाही, हे त्यांचे मोठेपण. त्यांच्या स्वभावात घाई किती होती हे ज्यांनी ग्रंथ वाचला आहे त्यांना या संयमाचे मोल कळेल. आणि मग तो प्रसंग येतो. लक्ष्मीबाई एकदा स्वतःशीच विचार करू लागतात, की जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर निरनिराळ्या प्राण्यांत जसा देहाचा, जातीचा उघड फरक असतो तसा माणसामाणसांत दिसला असता. जन्म, मरण, भूक, दुःख सगळ्यांना सारखेच. मग भेद देवाचा कसा? या विचाराच्या शेवटी त्या ठरवतात, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. समोर धर्मोपदेशक नाही. प्रार्थनासभा नाही. अश्रू नाहीत, दृष्टान्त नाही. एक बाई बसली आहे आणि मनाशी बोलते आहे. तिला सापडते ते उत्तर नसून तिच्या हातातली गळून पडलेली घागर आहे. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

या क्रमाला महत्त्व आहे. पतीपाठोपाठ पत्नी गेली, हे वाचन या क्रमापुढे टिकत नाही. पतीच्या पाठोपाठ जायचे असते तर १८९५ सालीच जाता आले असते. आधी भय सुटले, मग माणसांमधली भिंत पडली, आणि भिंत पडल्यावर पलीकडे ख्रिस्त उभा असलेला दिसला. आपली उपदेशपर पुस्तके हा क्रम नेमका उलटा सांगतात : आधी आत ख्रिस्त शोधा, मग बाहेर शेजारी आपोआप दिसेल. तो आपोआप दिसत नाही, हा आम्हा धर्मगुरूंचा रोजचा अनुभव आहे. तासन् तास पवित्र साक्रामेंतापुढे बसणारे भाविक भावकीतल्या बांधाच्या भांडणात तडजोडीला येत नाहीत.

ख्रिस्ती मराठीत आत्मनिवेदनाची परंपरा ‘स्मृतिचित्रे’च्या आधीची आहे. तिच्या शेजारी ठेवले की या ग्रंथाचे वेगळेपण अधिक उठून दिसते. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ १८८८ साली आले. ते बुद्धिवाद्याचे आत्मचरित्र आहे. तेथे मन पालटते ते प्रमाणांनी, ग्रंथवाचनाने, वादाने. लेखक आपल्याला पटवत असतो, आणि पटवणारा माणूस स्वतःच्या गोंधळाला फार वेळ देत नाही. पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ १९०७ची. तिच्यात एक फार मोलाचा कबुलीजबाब आहे. १८८३ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त सापडला तो पुढे काही वर्षांनी, असे त्या सांगतात. हा भेद करण्याचे धैर्य फार थोड्या धर्मांतरितांनी दाखवले आहे. जन्माने ख्रिस्ती असणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर त्याहून कमी. पण ‘साक्ष’ हा प्रकारच असा, की त्यात वाटेपेक्षा मुक्कामाला महत्त्व. वाचकाने अखेरीस गुडघे टेकावेत हा तिचा हेतू असतो.

आणि खुद्द टिळक? तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तचरणी आलो असे ते म्हणत, आणि ‘अभंगांजली’ वाचताना त्या म्हणण्याची साक्ष पटते. मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्यात त्या संग्रहाची जागा घेणारे काही नाही. आपल्या उपासनेत टिळकांची गीते आपण निःसंकोच गातो, संप्रदायभेद तेथे कोणाला आठवत नाही. पण गीत हे अवस्थेचे असते. कवी पोहोचलेला असतो किंवा व्याकुळ असतो, आणि ज्या क्षणी असतो तो क्षण पूर्ण असतो. व्याकुळतेपासून शांतीपर्यंतचे दिवस, त्यांतले कंटाळे, किराणामाल, आजारपणे गीतात येत नाहीत. ती सारी लक्ष्मीबाईंच्या गद्यात आली. एका घरात एकाने साधनेची फळे लिहिली आणि दुसरीने तिचे दिवस.

येथे एक प्रश्न मला नेहमी सतावतो. आपल्याकडे, चारशे वर्षांच्या ख्रिस्ती मराठी परंपरेत, असे गद्य दुसरे का नाही? फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय. दीक्षेच्या काळात तीस दिवसांची इग्नेशियन साधना करून आलेले. १६१६ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणापर्यंत मनुष्याचे प्रयोजन जवळजवळ अकरा हजार ओव्यांत सांगितलेले आहे. त्यांतल्या मराठीच्या स्तुतीच्या तेवढ्या ओव्या आपल्याला ठाऊक असतात, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो, हे वेगळे दुःख. पण पुराणात ‘मी’ नसतो. स्टीफन्स यांना मानरेसाची भाषा अवगत होती. तिचा तत्त्वभाग त्यांनी मराठीत आणला, अनुभवभाग आणला नाही. पुराण या प्रकारात त्याला जागा नव्हती. १६६० साली गोव्यात फादर जुआंव दे पेद्रोज यांनी आत्म्याच्या देवाशी चाललेल्या एकांत संभाषणाचे एक स्पॅनिश पुस्तक कोकणीत आणले. तो धागा पुढे वाढू शकला असता. पण १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. इकडे वसईत १७३९ साली चिमाजी अप्पांच्या विजयानंतर पाद्र्यांचा आधार तुटला, आणि प्रार्थना टिकली ती पाठांतराच्या बळावर. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तोपर्यंत आपल्या अंतरंगाला लिखित मराठी अशी नव्हतीच. घरात बोली, देवळात लॅटिन, शाळेत पुस्तकी मराठी. आपल्या आजीने देवाशी जे काही बोलले ते सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलले असणार, आणि ते तिच्याबरोबरच गेले.

आजही ही फाळणी संपलेली नाही. आपल्याच मातीतल्या बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला, तो १९८७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांच्यानंतर वसईचे बिशप झालेले फेलिक्स मच्याडो यांनी ज्ञानेश्वरीचा अभ्यास ग्रंथबद्ध केला. वसईच्या दोन लागोपाठच्या बिशपांनी मराठी संतांच्या अंतर्मार्गावर एवढी मेहनत घ्यावी, ही अभिमानाची गोष्ट आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत. आपला सामान्य धर्मग्रामस्थ ते वाचत नाही. तो रिट्रीटच्या टेबलावरची भाषांतरे वाचतो. मराठी संतांच्या साधनेचे विवरण इंग्रजीत आणि परकीय साधनेचे उपदेश मराठीत, अशी ही उलटी देवघेव आहे! फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने, ज्याला साहित्य अकादमीचा २०१३ सालचा अनुवाद पुरस्कार लाभला, वचनाला आजची मराठी दिली. त्या वचनाला उत्तर देणाऱ्या मनाची मराठी मात्र अजून घडायची आहे.

‘स्मृतिचित्रे’चा गौरव करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाप्तिस्म्यानंतर ग्रंथातला अंतर्मुख धागा विरळ होतो. माणसे, प्रसंग, प्रवास यांची गर्दी वाढते. बालकवी ठोंबरे घरी राहायला येतात, अनाथ मुले येतात, पाहुणे येतात, पैसे नसतात, प्लेग येतो. या गर्दीत लक्ष्मीबाई प्रार्थना कशी करीत हे आपल्याला फारसे कळत नाही. ज्या बाईने जातीचा विचार इतक्या पारदर्शकपणे मांडला, तिने ख्रिस्ताशी आपले नाते कसे होते यावर इतके थोडे का लिहावे? संकोच असेल. विनोदाची सवय हेही कारण असेल, कारण हसवणारा माणूस स्वतःच्या सर्वांत खोल जागी वाचकाला सहसा नेत नाही. तिसरे कारण मला अधिक संभवनीय वाटते. मुलाने, देवदत्तने, आईला लिहायला बसवले ते टिळकांच्या चरित्राला आठवणींची मदत व्हावी म्हणून. ग्रंथाचे घोषित प्रयोजन पतीचे चरित्र हे होते. लिहिता लिहिता ते लिहिणारीचे झाले. पण पतीला ‘टिळक’ म्हणून संबोधणारी ही लेखणी शेवटपर्यंत आपण दुसऱ्या कोणाबद्दल लिहीत आहोत असा बहाणा सांभाळते. त्या बहाण्यामुळेच तिला स्वतःबद्दल इतके खरे लिहिता आले आणि त्यामुळेच काही खोल्या बंद राहिल्या.

तरीही एका गोष्टीत हा ग्रंथ आपल्याला सोडत नाही. वसईचे आपण ख्रिस्ती आपल्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्याची शतके मोजतो. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी हे आपले समाज एका मिस्सेला एकत्र बसतात, एका थाळीतून प्रभूचे शरीर घेतात. लग्नाची बोलणी निघाली की मात्र ‘आपल्यातली आहे ना?’ हा प्रश्न अजून पहिला असतो. हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नसतो. पुष्कळदा तो नेमाने रिट्रीटला येणारा असतो. त्याने आत पाहिलेले असते, तेथे त्याला शांती मिळालेली असते, आपले जीवितकार्य काय याचे काही उत्तरही मिळालेले असते. फक्त आपली घागर आपण कोणाला शिवू देत नाही, हे त्याने पाहिलेले नसते, कारण ती घागर आहे असेच त्याला वाटत नाही. ती रीत आहे, आवड आहे, भाषेची सोय आहे. लक्ष्मीबाईंना आपल्या सोवळ्याला सोवळे म्हणता आले, हा त्यांचा लाभ. आपल्याकडे त्या गोष्टीला नाव नाही. ज्याला नाव नाही त्याचे पापनिवेदनही होत नाही.

ग्रंथाच्या उत्तरार्धातील एक भाग या दृष्टीने मुद्दाम वाचण्याजोगा आहे. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत असा हा आश्रम. टिळकांना आपले अंतिम प्रयोजन सापडले होते यात शंका नाही. ते ज्या निश्चयाने सारे सोडून निघाले त्यात संन्याशाचे तेज आहे. पण तीच घटना लक्ष्मीबाईंच्या नजरेतून पाहिली की तिला घर दिसते, पगार नसलेला महिना दिसतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासकाराला दरबाराची चर्चा करताना धर्मसिद्धांताचे प्रश्न पडतील, आणि ते योग्यच आहेत. बाप्तिस्म्याशिवाय शिष्यत्व ही कल्पना कॅथलिक मनाला सहज पटणारी नाही. मला येथे दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. एकाच छपराखाली, एकाच प्रभूची सेवा करणाऱ्या दोन आत्म्यांना एकच हाक ऐकू येईल असे नाही, आणि ज्याला मोठी हाक ऐकू येते त्याच्यामागे चूल पेटती ठेवणे हेही कोणाचे तरी ऐकलेले उत्तर असू शकते. टिळकांचे चरित्रकार दरबाराविषयी बोलतात तेव्हा चुलीचा उल्लेख ओझरता येतो.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. ते पुरे करायला लक्ष्मीबाई बसल्या. औपचारिक शिक्षण न झालेली, ओवळ्याच्या भयात वाढलेली ही बाई येशूच्या जीवनाचे अध्यायामागून अध्याय रचत गेली, आणि आज त्या काव्याचा फार मोठा भाग तिच्या हातचा आहे. ‘स्मृतिचित्रे’त ज्या खोल्या बंद राहिल्या असे मी वर म्हटले, त्यांचे दार कदाचित या अध्यायांत उघडत असेल : कुष्ठरोग्याला स्पर्श करणारा, शोमरोनी स्त्रीच्या हातचे पाणी मागणारा प्रभू तिने कसा रंगवला आहे, ते त्या दृष्टीने तपासावयास हवे. ‘ख्रिस्तायना’तील लक्ष्मीबाईंचे अध्याय आणि ‘स्मृतिचित्रे’ शेजारी ठेवून केलेला अभ्यास माझ्या पाहण्यात आलेला नाही. आपल्या महाविद्यालयांतून मराठी विषय घेतलेल्या मुलामुलींपैकी कोणी तो हाती घेतल्यास त्याने आरंभ विहिरीवरच्या त्या प्रसंगापासून करावा.